लावणीचे मिक्स मोबाइलवर आणि गाडीत कसे तपासावे

लावणीचे मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक मिसळून तयार केलेले गाणे, स्टुडिओतील मॉनिटरवर (स्पीकरवर) भरदार वाटले, तरी बहुतेक श्रोते ते मोबाइलवर, इअरफोनवर किंवा गाडीत ऐकणार असतात. त्यामुळे मास्टरिंगला, म्हणजे अखेरच्या ध्वनिसंस्काराला, देण्यापूर्वी या सर्व ठिकाणी ते ऐकून पाहणे आवश्यक आहे.

सुरुवात मात्र स्टुडिओतच करावी. त्याच बाजाचे एखादे उत्तम गाणे तुलनेसाठी घ्यावे आणि त्याची पातळी कमी करून ती आपल्या मिक्सइतकी आणावी, कारण जे किंचित मोठ्याने वाजते तेच कानाला सरस वाटते. नंतर आवाज बोलण्याच्या पातळीपर्यंत उतरवावा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे ध्वनिसंशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिले होते. अशा वेळीही गायिकेचे शब्द स्पष्ट लागले पाहिजेत. लगेच मोनोचे बटण दाबावे, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र होऊन ऐकू येते. दोन माइकांनी घेतलेली पेटी मोनोमध्ये पोकळ झाली, तर फेजची गडबड आहे, म्हणजे दोन माइकांच्या लहरी एकमेकींना खोडत आहेत, असे समजून एका माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटून पाहावी.

खरी कसोटी मोबाइलच्या स्पीकरवर लागते. साधारण 200 हर्ट्झच्या खालचे त्यातून जवळजवळ काहीच निघत नाही, त्यामुळे ढोलकीच्या डाव्या हाताचा घुमारा नाहीसा होतो आणि ठेका अर्धाच ऐकू येतो. येथे खर्ज वाढवण्याचा मोह टाळावा. त्याने मोबाइलवर काहीच सुधारत नाही आणि गाडीत मात्र सगळे घुमू लागते. त्याऐवजी ढोलकीच्या ट्रॅकची प्रत काढावी, तिला सॅच्युरेशन (वरचे स्वरांश वाढवणारी सौम्य विकृती) द्यावे, मग 150 हर्ट्झखालचा भाग कापावा आणि मोबाइलवर डावा ठोका मोजता येईपर्यंत ती मूळ ट्रॅकमध्ये हळूहळू मिसळावी. मूळ सूर नसला, तरी त्याच्या वरच्या स्वरांशांवरून कान तो ओळखतो. मॉनिटरवर परतल्यावर ढोलकी खरखरीत झालेली नाही ना, हेही पाहावे.

इअरफोनवर प्रतिध्वनीचे शेपूट, श्वास आणि एडिटच्या जागी येणारी टकटक तपासावी. गाडीत आधी इंजिन बंद ठेवून आणि मग चालू करून ऐकावे. फाइल व्हॉट्सॲपवरून न्यायची असल्यास ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे तिचा दर्जा घटत नाही.

ऐकताना फक्त नोंदी कराव्यात, दुरुस्ती लगेच करू नये. जो दोष दोन-तीन ठिकाणी पुन्हा आढळतो तो मिक्सचा आहे; एकाच गाडीत खर्ज घुमत असेल, तर तो त्या गाडीचा आहे आणि त्यासाठी मिक्सला हात लावू नये.