कमरेला रिव्हॉल्व्हर आणि पाठ रस्त्याकडे: परवानाधारकांनो, या चुका टाळा

रात्री साडेनऊला सोलापूरच्या नवी पेठेतली दुकानं मिटायला लागतात. मालक उकिडवा बसून शटरला कुलूप लावतोय. खांद्याला दिवसभराच्या गल्ल्याची बॅग, कान आणि खांद्याच्या बेचक्यात मोबाईल, आणि पाठ सगळी रस्त्याकडे. शर्टाखाली परवान्याचं .32 चं रिव्हॉल्व्हर आहे, म्हणून तो निर्धास्त. पण मागून कोणी आलंय हेच कळलं नाही, तर त्या रिव्हॉल्व्हरचा उपयोग काय?

परवान्यासाठी माणूस महिनोन्‌महिने हेलपाटे घालतो, नजर तयार करायला मात्र आठवडाही देत नाही. बाकीच्या बहुतेक चुका या एकाच चुकीच्या पोटातून निघतात.

कुलूप दोघांनी लावा. एक जण कुलपाशी, दुसऱ्याची पाठ शटरला आणि तोंड रस्त्याकडे. रोकड त्याआधीच निघालेली असावी, आणि तीही रोज त्याच वेळी त्याच गल्लीतून नको. एकटेच असाल तर खाली बसण्याआधी उभ्यानंच दोन्ही बाजूंना नजर टाका, किल्ली हातात धरा, फोन खिशात घाला. गाडीशीही तेच: आधी भोवताली आणि मागच्या सीटवर नजर, मग दार, बसल्याबरोबर लॉक, आणि निघा. व्हॉट्सॲप घरी गेल्यावर बघा.

चेहरा नको, हात बघा

इजा होते ती हातातल्या वस्तूनं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अर्धं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरतं, त्यामुळे झाकलेला चेहरा ही इथं खूण धरता येत नाही. त्याच उन्हात कोणी जाड जॅकेट घालून एक हात सतत आत ठेवत असेल, तर ती खूण आहे. इंजिन चालू ठेवून थांबलेली मोटारसायकल, तुम्ही थांबलात की थांबणारा आणि वळलात की वळणारा माणूस, लांब लांब उभे राहून एकमेकांकडे आणि मग तुमच्याकडे बघणारे दोघं, हेही टिपा. एक खूण दिसली तर लक्ष ठेवा. दोन जुळल्या तर जागा सोडा, समोरच्या उघड्या दुकानात शिरा. संशय खोटा ठरला तर दोन मिनिटं गेली, एवढंच.

अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी मनाच्या या अवस्थांना चार रंग दिले. पांढरा म्हणजे बेसावध. पिवळा म्हणजे निवांत पण जागा, सात रस्त्याला गाडी चालवताना असतो तसा. नारिंगी म्हणजे एका नेमक्या माणसावर लक्ष खिळलेलं. लाल म्हणजे कृतीला तयार. बरेच जण आयुष्यभर पांढऱ्यात राहतात, तर नवा परवानाधारक उलट दिवसभर लालमध्ये असतो आणि साध्या धक्क्यालाही त्याचा हात कमरेकडे जातो. हा दुसरा माणूस जास्त घातक, कारण तो आठवड्याभरात थकतो आणि त्याआधी एखादी घोडचूक करून बसतो.

खरं काम नारिंगीत असतं. मनात एक स्पष्ट वाक्य तयार करायचं: ‘हा त्या हातगाड्याच्या अलीकडे आला तर मी मोटारीच्या आड जाऊन ओरडणार. कोयता उगारून अंगावर आला आणि निसटायला वाट नसली, तरच शस्त्र.’ अट आधी ठरलेली असली की ऐनवेळी विचारात सेकंद जात नाहीत, आणि नको तिथं शस्त्रही निघत नाही.

अंतराचा चुकलेला अंदाज

सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी 1983 साली दाखवून दिलं की सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन छोट्या मोटारींपेक्षाही कमी अंतर. शर्ट वर करून रिव्हॉल्व्हर बाहेर काढायला सराव नसलेल्याला याहून जास्त वेळ लागतो. म्हणून आधी पाय हलवा: बाजूला सरका, मध्ये मोटार, खांब, काउंटर, काहीतरी आणा. जागेवर उभं राहून शस्त्राशी झटापट करणं ही जिवावर बेतणारी चूक आहे.

भीतीनं ॲड्रेनालिन उसळलं की नजर बोगद्यासारखी अरुंद होते, कान बधिर होतात, बोटं जाड झाल्यासारखी वाटतात. नेमबाजीच्या रेंजवर सहज उघडणारं होल्स्टरचं बटण तेव्हा उघडत नाही. यावर उपाय दोन. श्वास: चार आकडे घ्या, चार थांबा, चार सोडा, चार थांबा. आणि सराव: आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं, रोजच्याच कपड्यांत, रिकाम्या शस्त्रानं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, सिलिंडरचं प्रत्येक घर डोळ्यानं आणि बोटानं तपासा, नळी भक्कम भिंतीकडे ठेवा. झाडायचा निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. ‘थांब! मागे हो!’ हेही मोठ्यानं म्हणून बघा, कारण घसा कोरडा पडला की आवाज फुटत नाही.

शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडला नुसता पत्रा असतो. गोळी तो भेदून पलीकडे जाते, आणि पलीकडे माणसं असतात. निशाण्यामागे काय आहे हे दिसत नसेल तर गोळी झाडायची नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत तर शस्त्र नेऊच नका. वरातीत हवेत बार काढणं हा शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पळणाऱ्यावर गोळी

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 37 नुसार, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर खाजगी बचावाचा हक्क मिळत नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. कलम 40 प्रमाणे शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची रास्त भीती वाटल्यापासून सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. बॅग हिसकावून पाठ फिरवून पळणाऱ्यापासून तुमच्या जिवाला धोका उरलेला नसतो. त्याच्या पाठीत गोळी घातली तर आरोपी तुम्ही होता. त्यापेक्षा गाडीचा नंबर, कपडे, पळायची दिशा लक्षात ठेवा.

गोळी झाडावीच लागली तर आडोशाला जाऊन 112 लावा. जागा, जखमी किती, तुमचे कपडे कोणत्या रंगाचे आणि शस्त्र तुमच्याकडे आहे, हे सांगा. आधी रुग्णवाहिका मागा. धोका टळला असेल तर पोलीस पोचण्याआधी रिव्हॉल्व्हर सुरक्षित ठेवून द्या आणि रिकामे हात दिसतील असे उभे राहा. सिलिंडरमध्ये राहिलेल्या रिकाम्या पुंगळ्यांना हात लावू नका, कोणाला लावूही देऊ नका.