ठरावाची नक्कल हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका

कोडिंग येतं, पण पुण्याला नोकरीला जायचं नाही किंवा घरच्या अडचणीमुळे जाता येत नाही; लातूर, नांदेड, परभणीत बसूनच सॉफ्टवेअरची स्वतंत्र कामं घ्यायची आहेत, अशा मुलामुलींसाठी लिहितेय. कोणती भाषा शिकायची, वेबसाइट कुठे टाकायची हे तुम्हाला माहीत आहे. मला सगळ्यात महाग पडला तो एक न झालेला ठराव. त्याच्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

शेजारच्या जिल्ह्यातली एक पतसंस्था. चेअरमन माझ्या वडिलांच्या गावचे, मी त्यांना काका म्हणायचे. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणाऱ्या एजंटांसाठी मोबाइल ॲप हवं होतं. एजंट दुकानोदुकानी फिरणार, पन्नास-शंभर रुपये जमा करणार, जागेवर पावती देणार आणि संध्याकाळी शाखेत हिशोब जुळणार. १,८५,००० रुपयांत काम ठरलं. मी कागदाचा विषय काढला तर काका म्हणाले, "पोरी, मी हाय ना. तू कामाला लाग, कागदाचं मागून बघू." ३०,००० रुपये रोख हातात दिले. वडील शेजारीच बसले होते. त्यांच्यासमोर पुन्हा विचारायचं मला धाडस झालं नाही.

ॲप सुरू झालं, चाललं. मग कोरोनात लांबलेल्या सहकारी संस्थांच्या निवडणुका लागल्या आणि काकांचं पॅनल पडलं. नव्या चेअरमनसमोर मी बिल ठेवलं. त्यांनी इतिवृत्ताचं, म्हणजे सभेत काय ठरलं त्याच्या नोंदींचं, रजिस्टर मागवलं. क्लार्कने दोन वर्षांची पानं एकेक करून उलटली, मी समोर बसून बघत होते. माझ्या कामाचा ठराव कुठेच नव्हता. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, तपासली, तिच्यातही माझं नाव नाही, कारण ते ३०,००० काकांनी स्वतःच्या खिशातून दिले होते. नवे चेअरमन शांतपणे म्हणाले, "मॅडम, ठराव नसताना मी चेक काढला तर उद्या ऑडिटर ती रक्कम माझ्याकडून वसूल करा म्हणून लिहील." मी रडवेली होऊन बाहेर पडले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे पटायला मला वर्ष लागलं.

म्हणून हे नीट समजून घ्या. सहकारी संस्थेत चेअरमन एकटा खर्च मंजूर करत नाही, संचालक मंडळ करतं. विषयपत्रिकेवर विषय येतो, सभेत चर्चा होते, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावासह ठराव इतिवृत्तात लिहिला जातो, त्याला क्रमांक पडतो. तुम्हाला हवी असते त्या ठरावाची नक्कल, सही-शिक्क्यासह. तिच्यात कामाचं नाव, रक्कम आणि पैसे कोणत्या टप्प्यांत देणार हे लिहिलेलं हवं. नुसतं "संगणकीकरणास मंजुरी" असं असेल तर परत पाठवा. विषय मूळ पत्रिकेत होता की "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" यात घुसवला, तेही विचारा. ऐनवेळच्या ठरावावर विरोधी संचालक पुढे हमखास बोट ठेवतात. दरपत्रकं मागवलेली असतील तर ती फाइलला लागली आहेत ना, ते क्लार्ककडून बघून घ्या. नंतर कार्यादेश (वर्क ऑर्डर) घ्या, त्यावर ठराव क्रमांक असू द्या. आणि ॲडव्हान्स कितीही छोटा असो, संस्थेच्याच खात्यातून, चेकने किंवा ऑनलाइन घ्या. माझ्या हातात त्या खात्यातून आलेले ५,००० रुपये जरी असते, तरी संस्थेने मला काम दिलं होतं हे दाखवता आलं असतं.

माणूस चांगला आहे म्हणून कागद सोडू नका. काका आजही मला भेटले की मान खाली घालतात. त्यांची नियत खराब नव्हती, त्यांची खुर्ची गेली.

आणखी एक चूक म्हणजे सर्व्हर माझ्या कार्डावर होता. पैसे थकल्यावर बंद करून टाक, असं मित्रांनी सांगितलं. पण त्यात चहाच्या टपरीवाल्यांचे, भाजीवाल्या मावशींचे रोजचे पन्नास रुपये नोंदवलेले होते. ते बंद करायला माझा हात धजावला नाही. ११ महिने मी भाडं भरलं. शेवटी सगळा डेटा लेखी पोच घेऊन सोपवला आणि तडजोडीत ६०,००० मिळाले, तेही ठराव झाल्यावरच. तेव्हा डोमेन, सर्व्हर, एसएमएस पाठवायला लागणारी डीएलटी नोंदणी पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर, संस्थेच्या पैशाने. यात भिडेला जागा ठेवू नका.

घाबरू मात्र नका. काम इथे भरपूर आहे आणि ते पुण्यातल्या कंपनीला परवडत नाही, कारण त्यासाठी दर आठवड्याला शाखेत येऊन बसावं लागतं. कोडमधल्या अडचणी सुटतात. त्याच पतसंस्थेत क्लार्क "कुऱ्हाडे" शोधायचे आणि खातं सापडायचं नाही, डोळ्यांसमोर असूनही. दोन रात्री गेल्यावर कळलं: जुना डेटा जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह असा साठला होता, तर मोबाइलचा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ लिहीत होता. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घेतलं आणि प्रश्न मिटला. पावतीचंही तसंच. आमच्या दोन इंची थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी नव्हतीच, नुसती प्रश्नचिन्हं छापली जायची. मग मजकुराचं ३८४ ठिपके रुंदीचं चित्र बनवून पाठवलं. मराठी पावती बघून एका म्हाताऱ्या दुकानदाराने ती कपाळाला लावली, तो दिवस मी विसरलेले नाही.

हे असलं काही "घरबसल्या महिन्याला लाख" शिकवणाऱ्या क्लासमध्ये मिळत नाही. माझं स्पष्ट मत आहे, त्यांना एक रुपया देऊ नका. एआयकडून कोड लिहून घ्यायला हरकत नाही, मीही घेते. पण पिग्मी मुदतीआधी मोडली तर एजंटाचं कमिशन कसं परत घेतात, हे मला निवृत्तीला आलेल्या एका क्लार्क काकांनी वहीत आकडे मांडून शिकवलं. असा माणूस शोधा आणि त्याच्यासमोर बसा.

निवडणुकीच्या दिवसांत मतदार यादीचं ॲप करून मागतील. केलंत तर पूर्ण पैसे मतदानाच्या आधी घ्या. पडलेला उमेदवार देत नाही आणि निवडून आलेला सापडत नाही. शिवाय ज्या गावातल्या संस्थेचं काम तुमच्याकडे आहे, तिथल्या एका पॅनलचा प्रचार तर अजिबात नको. "तुम्ही कुणाच्या?" असं एकदा कुणी विचारलं की पुढची दहा वर्षं ते चिकटतं. आचारसंहितेत सरकारी कार्यालयांतून नवे कार्यादेश निघत नाहीत, तेवढ्या महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी, काम घेण्याआधीच करा, फुकट होते. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असा २००६ चा कायदा आहे. जीएसटी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा लागत नाही, तरी सीएला एकदा विचारा.

मागच्या महिन्यात एका दूध संस्थेचं काम आलं. अध्यक्ष म्हणाले, "ताई, उद्यापासून सुरू करायलात ना?" मी म्हटलं, "दादा, नक्कल आली की त्याच रात्री बसते." घसा कोरडा पडला होता, काम जाईल असं वाटलं. नवव्या दिवशी सचिवांनी नकलेचा फोटो पाठवला. शिक्का पुसट होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने जाऊन मी मूळ नक्कल घेऊन आले.