पाणी दिलेलं पोलाद: भोक पाडताना, जोडताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या डिचोली, पेडण्याकडच्या वर्कशॉपांत कामाची घाई उडते. कुणाच्या कोयत्याच्या शेपटाला, म्हणजे मुठीत जाणाऱ्या टोकाला, भोक हवं असतं, कुणाचा टिलरचा शाफ्ट जोडायचा असतो. पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून झटकन निववून कडक केलेलं, चांगलं पोलाद या घाईतच वाया जातं आणि बहुतेक वेळा त्याला कारण असते नको तिथे लागलेली उष्णता.

काम हातात घेतलं की आधी कानस मारून बघा. कानस चावली तर हायस्पीडचं बिट बहुधा चालेल. काचेवरून घसरावी तशी सरकली, तर कडकपणा साठ रॉकवेलच्या (कडकपणा मोजायचं माप) आसपास, म्हणजे खूपच जास्त आहे असं समजा. इथेच लोक हँड ड्रिलवर अंगाचा भार टाकतात, स्पीड वाढवतात आणि बिटाचं टोक निळं करून बसतात. अशा पोलादाला कार्बाइडचं बिट लागतं, तेही बेंच ड्रिलवर, जॉब (कामाचा तुकडा) पक्का आवळून. कार्बाइड कडेने दाब आला की तुटतं. तापलेल्या बिटावर मधूनच पाणी टाकलं तरी तडकतं, म्हणून धार सतत सोडा, नाहीतर कोरडंच चालवा.

भोक शेपटात असेल तर तेवढाच भाग नरम करावा. पातं पाण्यात बुडवून ठेवा, शेपूट मंद लाल करा आणि सावकाश निवू द्या.

ग्राइंडरवर पोलाद तापून जो रंग धरतं त्याकडे लक्ष हवं. फिकट पिवळा म्हणजे साधारण 220 अंश, जांभळा 280, निळा 300. निळा डाग घासून चकचकीत केला तरी गेलेला कडकपणा परत येत नाही. बोटाला चटका बसायच्या आधीच पाण्यात बुडवत राहा.

सगळ्यात जास्त नुकसान वेल्डिंगमध्ये होतं. गाडीच्या कमानपाट्यात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त असतो. थंड पाट्यावर साधा रॉड ओढला की वेल्डच्या कडेचा पट्टा झटकन निवतो आणि ठिसूळ होतो. त्यात रॉडमधली ओल हायड्रोजन सोडते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल कुठे नसते! फळीवर उघडं पडलेलं 7018 चं (कमी हायड्रोजनच्या वेल्डिंग रॉडचं) पाकीट तसंच वापरू नका. उन्हात ठेवून ते सुकत नाही. पाकिटावर दिलेलं तापमान पाळून, साधारण 300 ते 350 अंशांवर, भट्टीत तास-दोन तास भाजून घ्या. जॉबही 250 अंशांपर्यंत आधी तापवा. काम झाल्यावर पाणी नको, पंखाही नको. कोरड्या राखेत पुरून ठेवा. चीर कधी कधी दोन दिवसांनी उमटते, त्यामुळे जोडलेला भाग त्याच दिवशी कामाला लावू नये. धारेजवळ मात्र वेल्डिंग करूच नका असंच मी सांगेन. तिथे 250 अंशही जास्त होतात, आणि तुटलेलं पातं माणसाच्या अंगावर येतं.

चांदीची डाक, म्हणजे चांदीमिश्रित धातू वितळवून केलेला जोड, वेल्डिंगपेक्षा सौम्य, हा समज खोटा आहे. ती सहाशे अंशांच्या वर वितळते, म्हणजे जोडाजवळचा कडकपणा गेलाच. आणि आधी डाक देऊन मग पाणी द्यायचं म्हटलं, तर त्यासाठी आठशेच्या आसपास तापवताना डाकच सुटते. कडकपणा टिकवायचाच असेल तर रिव्हेट, पिन किंवा इपॉक्सी. इपॉक्सीआधी जागा खरखरीत करून ॲसिटोनने पुसायला विसरू नका, तेलाच्या बोटानेसुद्धा जोड सुटतो.

डाक दिलीच तर फ्लक्स गरम पाण्याने पूर्ण धुवून तेल लावा. मोरजी-हरमलच्या खाऱ्या वाऱ्यात राहिलेला फ्लक्स गंज लवकर ओढतो.

चीर शोधायला यंत्र लागत नाही. जोडावर रॉकेल लावून थोडा वेळ ठेवा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीत काळपट रेघ उमटते. रेघ दिसली तर वरून पुन्हा रॉड ओढू नका. चीर मुळापर्यंत घासून काढा आणि जॉब तापवण्यापासून सगळं पुन्हा करा.