घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला ईस्टर कसा पाळावा

आमचे यजमान २०१९च्या जानेवारीत गेले. त्या वर्षी ईस्टर २१ एप्रिलला होता. जन्मभर मी येशू मरणातून उठल्याचा हा सण पहाटेची भक्ती, नवी साडी आणि दुपारचा मटण-पुलाव असा केलेला. त्या वर्षी मात्र "प्रभू उठला आहे" म्हणायला तोंड उघडेना. यंदा ज्यांच्या घरी असा पहिला ईस्टर येतोय, त्यांच्यासाठी हे लिहिते.

शुक्रवारवरून एकदम रविवारवर जाऊ नका. येशूला क्रुसावर दिलं त्या उत्तम शुक्रवारी बारा ते तीन आपण त्याच्या क्रुसावरच्या सात उद्गारांना बसतो, रविवारी पहाटे उठतो, आणि मधला शनिवार बाजारात आणि इस्त्रीत जातो. पण ज्याच्या घरी कुणी गेलंय, त्याला तो शनिवारच सगळ्यात ओळखीचा असतो. शुभवर्तमानात लूक एवढंच सांगतो की येशूबरोबरच्या बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, विसावा घेतला. त्या पुनरुत्थानाची वाट बघत नव्हत्या, प्रेताला लावायची तयारी करून बसल्या होत्या. विश्वास ढळला की काय, या भीतीने शनिवारी स्वतःला कोसू नका.

त्या दिवशी हाताला एक काम द्या. मी कपाट उघडलं. तीन महिने त्यांचे सदरे हँगरला तसेच लटकत होते. एकेक काढून घडी घातली. एका खिशात बसचं तिकीट निघालं, ते तसंच परत ठेवलं. रात्री योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढला आणि सातव्या ओवीवर थांबले: रिकाम्या कबरेत येशूच्या डोक्याला असलेला रुमाल तागाच्या वस्त्रांबरोबर पडलेला नव्हता, वेगळा गुंडाळून ठेवलेला होता. ही ओवी मी शंभरदा ऐकली असेल. पण दिवसभर घड्या घातलेल्या हातांनी वाचली तेव्हा कळलं, की तिथे कुणी घाईने काही उचलून नेलेलं नाही. जो उठला, त्याला रुमाल नीट ठेवायला सवड होती. माझ्या श्रद्धेला त्या वर्षी एवढा एक रुमाल पुरला.

शनिवारी ऊन उतरल्यावर कबरेवर जाऊन या. तण उपटा, जमल्यास चुन्याचा एक हात द्या. पहाटे वारा असतो, म्हणून मेणबत्ती काचेच्या ग्लासात लावा. फुलं एप्रिलात मोगऱ्याची सहज मिळतात.

आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, पहाटेची भक्ती कबरस्तानातच होते. साडेपाचच्या आत पोहोचा आणि निघताना वर बघा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे त्या पहाटे उतरता चंद्र आकाशात असतोच. एकटीने घराबाहेर पडताना मला त्याचा आधार वाटला.

आता रडण्याचं. कुणी ना कुणी येऊन सांगेल, "ताई, आजच्या दिवशी रडायचं नाही, ते प्रभूजवळ आहेत." माणसं प्रेमानं बोलतात, पण शास्त्रात तसं नाही. येशूची शिष्या मरीया मग्दालीया त्याच्या कबरेपाशी रडत उभी होती. "बाई, का रडतेस?" हे तिला आधी देवदूतांनी विचारलं, मग खुद्द प्रभूनं. दोन्ही वेळा तिनं उत्तर दिलं, आणि ते ऐकून घेतलं गेलं. तिला तो माळी वाटला, तरी तो रागावला नाही. त्यानं नुसती हाक मारली, "मरीये." पुनरुत्थानाचा पुरावा तिला कुठल्या प्रवचनात नाही, आपल्या नावात मिळाला. म्हणून भक्ती संपली की घाईने बाहेर पडू नका. कबरेजवळ उभं राहून आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या, घरी हाक मारायचात तसंच. आणि मग आपलं नाव घेणाऱ्या प्रभूला जे बोलायचं ते बोला, तक्रारसुद्धा.

पाळकसाहेब "ख्रिस्त उठला आहे" म्हणतील, मंडळी "खरोखर उठला आहे" म्हणेल. आवाज फुटला नाही तर ओठ मिटून उभे राहा. मार्काच्या सोळाव्या अध्यायात आठव्या ओवीपर्यंत बायका भिऊन पळाल्या आहेत आणि कुणाला काही बोललेल्या नाहीत. तुमच्या वाटचं उत्तर त्या दिवशी शेजारच्या बाकावरचे देतील. मंडळी असते ती त्यासाठीच.

जेवणाचं ओझं घेऊ नका, कुणी डबा आणला तर घ्या. मुलं लहान असतील तर त्यांचा सण मात्र काढून घेऊ नका, त्यांना अंडी रंगवू द्या.

आणि रविवारी रात्री पुस्तक मिटू नका. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, ५० दिवसांचा आहे. प्रभू उठला यावर विश्वास न बसलेल्या थोमा या शिष्याला तो आठ दिवसांनी भेटला, म्हणून पुढच्या रविवारी योहान २०:२४ पासून वाचा. त्याच्या पुढच्या रविवारी लूक २४, अम्माऊस गावाची वाट. त्या वाटेवरचे दोघं शिष्य "आम्हाला आशा होती" असं म्हणत चालले होते, आणि भाकर मोडेपर्यंत सोबत कोण आहे हे त्यांना ओळखू आलं नाही. मी तो उतारा संध्याकाळी ताटावर बसून वाचते, समोरची खुर्ची ओढून घेते आणि पोळी मोडते.