मुंबई दोन दिवसांत, लोकल आणि बेस्टने: शनिवार-रविवारची आखणी कशी करावी

मुंबई बघायला येणारी बहुतेक मंडळी आधी ठिकाणांची यादी करतात आणि मग तिथे कसं जायचं ते बघतात. मुंबईत हा क्रम उलटा हवा. शहर उत्तर-दक्षिण लांबट आहे, रेल्वेही त्याच दिशेने धावते. एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर आडवं जायचं म्हटलं की दिवसाचा मोठा तुकडा तिथेच जातो. म्हणून आधी लाइन आणि वार ठरवा, मग त्या लाइनवर हाताशी येणारी ठिकाणं निवडा. दिवसाला तीन ठिकाणं पुरे. चौथं घातलंत की तिसरं धावत बघावं लागतं.

पुढची आखणी पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरकडून शुक्रवारी रात्रीपर्यंत पोहोचणाऱ्यांसाठी आहे. खाजगी गाडी आणायची गरज नाही. दक्षिण मुंबईत पार्किंग शोधण्यात जितका वेळ जाईल, तितक्यात एक संग्रहालय बघून होतं.

मुक्काम दादरला

फोर्ट-कुलाब्यात राहणं सोयीचं, पण महाग. मध्यम खर्चात दादरसारखी जागा नाही, कारण मध्य आणि पश्चिम या दोन्ही लाइन तिथे एकमेकींना भेटतात आणि एक लाइन रखडली तर दुसरी हाताशी असते. भुयारी मेट्रो 3 चंही दादर स्टेशन आहे. शिवाय पुणे-नाशिककडच्या बऱ्याच गाड्या दादरला थांबतात, त्यामुळे परतताना सामान घेऊन सीएसएमटीपर्यंत (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) जावं लागत नाही. रविवारी खोली सोडल्यावर बॅगा लॉजमध्येच ठेवता येतील का, ते बुकिंग करतानाच विचारा. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅगेला कुलूप आणि जवळ प्रवासाचं तिकीट लागतं.

दादर स्टेशनात फलक नीट वाचा. पश्चिम रेल्वेचे प्लॅटफॉर्म 1 ते 7 आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14 आहेत. पूर्वी दोन्हीकडे 1 पासून आकडे होते. अजूनही कुणी जुन्या सवयीने "मध्यचा एक नंबर" सांगितला, तर त्यावर न जाता इंडिकेटर बघा.

शुक्रवारी तीन गोष्टी तपासा

पहिली, मेगाब्लॉक. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी साधारण सकाळी साडेदहा-अकरा ते दुपारी साडेतीन-चार या वेळेत ब्लॉक असतो, आणि कुठून कुठपर्यंत आहे ते एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर ब्लॉक असला तर जलद गाड्या बहुधा धिम्या रुळांवर वळवतात. गाडी येते, पण उशिरा आणि भरून. हार्बर या तिसऱ्या लाइनवर मात्र ब्लॉकच्या पट्ट्यातल्या गाड्या सरळ रद्द होतात. पश्चिम रेल्वे मेगाब्लॉकलाच जंबोब्लॉक म्हणते. 'ब्लॉक आहे' एवढं कळून उपयोग नाही, कोणत्या दोन स्टेशनांदरम्यान आहे ते बघा. सांताक्रूझ ते गोरेगाव ब्लॉक असेल, तर दादर-चर्चगेट फिरणाऱ्याला फारसा फरक पडत नाही.

दुसरी, बंद वार. घारापुरी म्हणजे एलिफंटा लेणी सोमवारी बंद असतात. सोमवारी सुट्टी जोडून येत असेल आणि लेणी तिसऱ्या दिवसावर ढकलायचा विचार असेल, तर तो सोडा. फोर्टमधल्या बऱ्याच खाणावळी आणि इराणी हॉटेलं रविवारी बंद असतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक ऑफिसांतलं. तिथे जेवायचं तर शनिवारीच.

तिसरी, भरती-ओहोटी. समुद्रातल्या हाजी अली दर्ग्याची वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून ही तपासणी त्याच्यासाठी. कॅलेंडर असेल तर कोळीवाड्यातला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि वर उधाण. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, हे धरून चाला.

तिकिटं

दादर ते चर्चगेट किंवा सीएसएमटी हे सेकंड क्लासचं एकेरी भाडं 5 रुपये आहे. लोकलसाठी 1, 3 आणि 5 दिवसांचं पर्यटक तिकीटही खिडकीवर मिळतं आणि ते तिन्ही लाइनवर चालतं. पण दादरच्या दक्षिणेलाच फिरायचं असेल तर त्यात पैसे वाचत नाहीत, वाचते ती फक्त रांग. बोरिवली-ठाण्यापर्यंत जाणार असाल तर त्याचा विचार करा.

रेल्वेच्या अ‍ॅपवरून तिकीट काढायचं असेल तर स्टेशनात शिरण्याआधी, रस्त्यावरच काढा. रुळांच्या अगदी जवळ उभं राहून अ‍ॅप तिकीट देत नाही, आणि नवखे लोक नेमके प्लॅटफॉर्मवर जाऊन मोबाईल काढतात. एसी लोकलचं तिकीट वेगळं असतं, साध्या तिकिटावर तिच्यात चढू नका. फर्स्ट क्लासच्या डब्यावर पिवळे-लाल तिरके पट्टे असतात. घाईत त्यात शिरलात आणि टीसी भेटला, तर भाड्याच्या फरकावर किमान 250 रुपये दंड भरावा लागतो.

बेस्टचं किमान भाडं साध्या बसला 10 आणि एसीला 12 रुपये आहे. दिवसात तीन-चार बसपेक्षा जास्त होणार नसतील तर डेली पास घेऊ नका. मेट्रो 3 चं भाडं 10 ते 70 रुपये. खाली भुयारात मोबाईलला रेंज मिळेलच याची खात्री नसते, म्हणून क्यूआर तिकीट वरच काढून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, नाहीतर सरळ खिडकीवर कागदी तिकीट घ्या.

लोकलमध्ये चढणं आणि त्याहून महत्त्वाचं, उतरणं

इंडिकेटरवर चार गोष्टी असतात: गाडी कुठे जाणार, स्लो की फास्ट, किती डब्यांची आणि किती वाजता. नवख्याने दक्षिण मुंबईत फिरताना स्लोच धरावी. दादर-चर्चगेटमध्ये फास्टने वाचतात जेमतेम सात-आठ मिनिटं, पण ती मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड आणि महालक्ष्मीला थांबत नाही. मध्य रेल्वेवर दादर सोडलं की फास्ट गाडी भायखळा आणि मग थेट सीएसएमटी.

एक चूक आवर्जून टाळा. चर्चगेटहून दादरला यायला विरार फास्टमध्ये बसू नका. ती गाडी लांब जाणाऱ्यांची आहे. दादरला दार दिसेल, पण दारापर्यंत पोहोचता येणार नाही. बांद्रा, अंधेरी किंवा बोरिवली स्लो पकडा. चर्चगेटला गाडी सुटते, त्यामुळे बसायलाही मिळतं.

उतरण्याची तयारी एक स्टेशन आधी सुरू होते. दाराकडे सरकताना पुढच्या माणसाला नुसतं "दादर?" म्हणून विचारायचं. तो "हो" म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं. "नाही" म्हणाला तर तो आपणहून अंग चोरून वाट देतो. प्लॅटफॉर्म डावीकडे येणार की उजवीकडे हेही त्यालाच विचारा. गाडी थांबल्यावर वाट काढायला गेलात तर चढणारा लोंढा तुम्हाला आत ढकलतो. सॅक पाठीवर नाही, पोटावर घ्या, आणि दारात उभं राहून मोबाईल बाहेर काढू नका.

घरातल्या बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये बसणार असतील, तर आधी दोन गोष्टी ठरवा. उतरल्यावर भेटायचं कुठे: 'प्लॅटफॉर्मवर' म्हणू नका, 'चर्चगेटच्या बाजूच्या पहिल्या जिन्याखाली' असं नेमकं सांगा. आणि कुणी मागे राहिलं तर काय: गाडीत चढलेल्याने पुढच्याच स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, राहिलेल्याने मागच्या गाडीने यायचं. दोघांनीही एकमेकांना शोधायला निघायचं नाही. मुलांना हे घरीच समजावून सांगा.

वेळेचा हिशोब गाडीच्या मिनिटांवर करू नका. दादर ते सीएसएमटी गाडी वीस-पंचवीस मिनिटं घेते, पण लॉजमधून स्टेशन, पूल, गाडीची वाट आणि शेवटी बाहेर पडणं धरलं की पाऊण-एक तास होतो.

शनिवार: घारापुरी, संग्रहालय, मरीन ड्राइव्ह

साडेसातला निघा. मध्य रेल्वेची स्लो धरून सीएसएमटीला उतरा. बाहेर आल्यावर लगेच बस शोधू नका, समोर महापालिकेच्या बाजूला जाऊन स्टेशनाकडे वळून बघा. 1888 साली पूर्ण झालेली ही इमारत 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ती आणि शेजारची महापालिकेची इमारत, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्याच आराखड्यातून उभ्या राहिल्या. घुमटावरची प्रगतीची मूर्ती आणि भिंतींवरचे कोरीव प्राणी सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसतात.

तिथून कुलाब्याकडे जाणाऱ्या बसने रीगल सिनेमाच्या चौकात उतरलात की गेटवे पाच मिनिटांवर. लाँच साधारण नऊपासून सुटतात. पहिल्या-दुसऱ्या लाँचनेच जा. उशिरा गेलात तर लेण्यांत गर्दी असते आणि चढण उन्हात येते. तिकीट जाण्या-येण्याचं मिळतं, त्याचा तुकडा परत येईपर्यंत जपून ठेवा. वरच्या डेकवर बसायला थोडे जादा पैसे घेतात. लाइफ जॅकेट दिलं नाही तर मागून घ्या आणि घाला.

एका तासाने बेटावर पोहोचाल. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण ते अंतर चालूनही सहज होतं. पुढे सुमारे 120 पायऱ्या आहेत. हातात खाऊची पिशवी दिसली की माकडं ती ओढतात, म्हणून खाणं सॅकच्या आत ठेवा. वर लेण्यांसाठी वेगळं तिकीट लागतं.

पहिल्या लेण्यात शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे सुरुवातीला समोर फक्त काळोख दिसतो. डोळे सरावले की मागच्या भिंतीतून वीसेक फुटी सदाशिवाचे तीन चेहरे हळूहळू पुढे येतात. मधला शांत, एका बाजूचा उग्र, दुसऱ्या बाजूचा कोमल. बरेच जण काळोखातच फ्लॅश मारून निघून जातात, आणि ज्यासाठी आले तेच त्यांना दिसत नाही. शेजारचे अर्धनारीश्वर आणि गंगाधर हेही त्याच भिंतीवर आहेत.

साडेबारा-एकची लाँच धरा. दोनला गेटवे, जेवण, आणि तीनला दहा मिनिटं चालून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते सहाला बंद होतं, म्हणून एवढ्या वेळात सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. शिल्पं आणि लघुचित्रं ही दोन दालनं नीट बघा. गेटवे आणि हे संग्रहालय दोन्ही वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांची, तेव्हा दगड आणि कमानी मनात ताज्या असतानाच तुलना करून बघण्यासारखी आहे.

मग ओव्हल मैदान ओलांडून चर्चगेटकडे चाला. मैदानाच्या मध्यावर थांबा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर हे एकोणिसाव्या शतकातलं गॉथिक, पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. या जोडीलाच 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, मे महिन्यात सातनंतर. त्या बेताने मरीन ड्राइव्ह गाठा आणि चर्चगेटहून परत या.

रविवार: बाणगंगा, मणिभवन, धोबीघाट, हाजी अली

रविवारी सुट्टीचं वेळापत्रक असतं, गाड्या कमी आणि थोड्या उशिराने. साडेसहा-सातला दादरहून पश्चिमेची स्लो धरून ग्रँट रोडला उतरा. पश्चिमेकडून वाळकेश्वरची बस पकडून बाणगंगेवर जा. तळ्याच्या पायऱ्यांवर सकाळी आठच्या आत पोहोचलात तर ऊन अजून घरांमागे असतं आणि गर्दी नसते. तिथे राहती घरं आणि चालती देवळं आहेत, फोटो काढताना त्याचं भान ठेवा. परतताना गिरगाव चौपाटीवर उतरून चालत गावदेवीतल्या मणिभवनात जा. ते साडेनऊच्या सुमारास उघडतं. 1917 ते 1934 या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम इथे असे. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली लहान आहे, एका वेळी चार-सहा जणांनीच जावं.

पुन्हा ग्रँट रोडहून स्लोने दुसरं स्टेशन महालक्ष्मी. स्टेशनाबाहेरच्या पुलावरूनच धोबीघाट दिसतो, म्हणून त्याला चौथं ठिकाण धरलेलं नाही. दगडी हौदांच्या रांगा आणि दोऱ्यांवरचे रंग पुलावरूनच सगळ्यात चांगले दिसतात. खाली लोक पोटासाठी राबत असतात, तेव्हा परवानगीशिवाय आत शिरू नका. तिथून हाजी अली दीडेक किलोमीटर. अष्टमीच्या आसपासचा रविवार असेल तर दुपारी बाराला वाट मोकळी मिळते. पौर्णिमा-अमावास्या असेल तर नेमकी उधाणाची वेळ. मग हाजी अली चार-पाचपर्यंत पुढे ढकला किंवा सरळ वगळा. पाणी वाटेवर यायला लागलं की 'एवढ्यात जाऊन येतो' म्हणून कुणीही पुढे जाऊ नये.

पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते मुंबई सेंट्रल ब्लॉक निघाला तर मेट्रो 3 घ्या. तिची गिरगाव, ग्रँट रोड, महालक्ष्मी, सिद्धिविनायक आणि दादर ही स्टेशनं याच पट्ट्यात आहेत.

जून ते सप्टेंबरात येणार असाल तर घारापुरीची लाँच हवेवर अवलंबून असते. सकाळी गेटवेवर जाऊन कळण्यापेक्षा, शनिवारी आधी संग्रहालय आणि दुपारी फोर्टमधली पायपीट असा दुसरा बेत हाताशी ठेवा. धो धो पावसात भरतीच्या वेळी लोकल रखडते, त्या दोन-तीन तासांत स्टेशनापासून लांब जाऊ नका.

परतीला पुण्याची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून 5:10 ला सुटते. दादरला थांबते का ते तिकीट काढतानाच बघा, थांबत नसेल तर सीएसएमटीलाच जा. ती धरायची तर हाजी अलीहून तीनला निघा. लॉजमधून सामान घ्या, आणि गाडी दादरहून धरणार असाल तर तिथे मध्य रेल्वेच्या बाजूला किमान अर्धा तास आधी उभे राहा. डब्याचा क्रमांक प्लॅटफॉर्मवरच्या फलकावर बघून तिथेच थांबा. दादरचा थांबा फार थोड्या वेळाचा असतो आणि बॅगा घेऊन सहा-सात डबे धावणं त्यात बसत नाही.