केरोजेनचे मूळ ठरवण्याआधी कार्बनचा आकडा तपासा

तेलशेलवर प्रबंध करायला निघालेल्यांना केरोजेन म्हणजे या खडकातले, तापवल्यावर तेल देणारे घन सेंद्रिय द्रव्य, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. त्याचे प्राचीन मूळ शोधताना मात्र केरोजेनचा प्रकार दाखवणाऱ्या आलेखावर विसंबण्याआधी सेंद्रिय कार्बनच्या आकड्याची कसून झडती घ्या; माझ्या अभ्यासाचा मोठा काळ याच एका आकड्याने खाल्ला आणि त्याची सल अजून गेलेली नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो, यूटा आणि वायोमिंगमध्ये पसरलेला ग्रीन रिव्हर फॉर्मेशनचा खडक सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, इओसीन काळातील विस्तीर्ण सरोवरांत साचला. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नसल्यामुळे शैवालांचे व सूक्ष्मजीवांचे मेदयुक्त अवशेष गाळात टिकले आणि त्यांतून हायड्रोजनने समृद्ध, पहिल्या प्रकारचे केरोजेन तयार झाले. त्याच सरोवरांत डोलोमाइट हे कार्बोनेट खनिजही भरपूर साचले, आणि खरी मेख तिथेच आहे. सेंद्रिय कार्बन मोजण्याआधी अशा खनिजांतला कार्बन आम्लाने काढून टाकावा लागतो. कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतले खनिज, थंड, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात चटकन विरघळतो, पण डोलोमाइट फार सावकाश विरघळतो. फेस थांबला म्हणून नमुना धुऊन पुढे पाठवलात, तर उरलेल्या डोलोमाइटमधील कार्बन ज्वलनात बाहेर पडून सेंद्रिय कार्बनमध्येच मोजला जातो. समजा, एस-२ चे, म्हणजे नमुना तापवल्यावर केरोजेन फुटून निघणाऱ्या हायड्रोकार्बनचे, मूल्य खडकाच्या ग्रॅममागे ८० मिलिग्रॅम आणि खरा सेंद्रिय कार्बन १० टक्के आहे, तर हायड्रोजन निर्देशांक, म्हणजे सेंद्रिय कार्बनच्या ग्रॅममागे एस-२ चे मिलिग्रॅम, ८०० येतो. तोच कार्बन १४ टक्के दिसला, की निर्देशांक ५७१ वर घसरतो. मग सरोवरातले शैवाल आलेखावर कमी हायड्रोजनच्या दुसऱ्या प्रकाराकडे सरकते आणि विद्यार्थी समुद्री प्लवकांची किंवा वाहून आलेल्या वनस्पतींची कहाणी रचू लागतो.

म्हणून आम्ल कोमट ठेवा, भरपूर वेळ द्या आणि डोलोमाइट संपल्याची क्ष-किरण विवर्तनाने, म्हणजे खनिजे ओळखणाऱ्या चाचणीने, खात्री करा. तयार एक्सेल-तक्त्यात आकडे भरून प्रकार ठरवणे मला घातक वाटते, आणि ‘यंत्र देते ते लिहा’ असे सांगणारा मार्गदर्शक कितीही नावाजलेला असला तरी या बाबतीत त्याचे ऐकू नका. सूक्ष्मदर्शकाखाली अतिनील प्रकाशात नमुना स्वतः पाहा. अपक्व शैवालद्रव्य पिवळे चमकते. ग्रीन रिव्हरच्या खडकात बरेचसे द्रव्य पातळ पट्ट्यांत पसरलेले असते आणि पेशींचे आकार फारसे ओळखू येत नाहीत, तेव्हा सुरुवातीला काहीच कळले नाही तरी धीर सोडू नका. एस्टोनियाच्या, ऑर्डोव्हिशियन काळातील कुकरसाइट या तेलशेलचा नमुना मिळाला तर आधी त्यावर नजर बसवा, कारण त्यात ग्लिओकॅप्सोमॉर्फा प्रिस्का या सूक्ष्मजीवाच्या वसाहती दिसतात.

हायड्रोफ्लोरिक आम्लाने केरोजेन वेगळे करण्याची पायरी मात्र एकट्याने कधीही करू नका, आणि या आम्लाने भाजल्यास लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी नसेल तर ती बाटली उघडूच नका.