सरहद्दीवरच्या डॉक्टरांच्या रीतीने पक्ष्यांची वही कशी ठेवावी

गगनबावडा, आजरा किंवा चंदगड भागात नेमणूक झालेल्या डॉक्टरांना पक्ष्यांचा अभ्यास करावासा वाटत असेल, तर त्यांनी दुर्बिणीच्या चौकशीआधी एक जाड वही घ्यावी. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर इलियट काउझ (१८४२–१८९९) १८६४ मध्ये ऐन विशीत ॲरिझोनातील फोर्ट व्हिपल या सरहद्दीवरच्या ठाण्यावर रुजू झाले आणि नोकरी सांभाळून त्यांनी तिथल्या पक्ष्यांची जी टिपणे केली, त्यांवरून १८६६ मध्ये त्या प्रदेशाची पक्षीसूची प्रसिद्ध झाली.

नोंद जागेवरच करावी. तारीख, वेळ, ठिकाण आणि पक्षी काय करीत होता, एवढे तरी लिहावेच. पक्षी मेल्यावर डोळ्यांचे, चोचीचे व पायांचे रंग बदलतात, म्हणून ते लगेच टिपून ठेवण्यावर काउझ यांचा भर असे. बंदुकीशिवाय मात्र त्यांचे पान हलत नसे; तो धडा आपण सोडून द्यावा, कारण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि दुर्बीण आता सहज मिळते.

ओळख पटवताना रोगनिदानाचीच शिस्त पाळावी. काउझ यांच्या १८७२ च्या ग्रंथात दोन पर्यायी लक्षणांतून एक निवडत, इतर शक्यता गाळत प्रजातीपर्यंत पोहोचण्याची सोय होती. रंकाळ्याच्या काठावर पांढरा बगळा दिसला, तर आधी चोच पाहावी: काळी असेल आणि काळ्या पायांची बोटे पिवळी असतील तर तो छोटा बगळा, आखूड पिवळी चोच असेल, त्यातही तो उसाच्या रानात नांगरामागे फिरत असेल, तर बहुधा गायबगळा. बोटे चिखलात बुडालेली असली तर थांबावे, तो पाय उचलतोच. तेवढा धीर नसेल तर ‘बगळा, जात अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा मानू नये.

आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच वाटेने फिरावे, मग ती कळंब्याची असो वा पंचगंगेच्या घाटाची. तसे केले तरच वारकरी पक्षी हिवाळ्यात कधी वाढले आणि धोबी पक्षी कधी दिसेनासे झाले, हे वहीतून कळते. काहीच दिसले नाही, तरी तारीख घालून तसे लिहावे. रुग्णांकडून ऐकलेली गावातली नावे, सांगणाऱ्याच्या गावासह, वेगळ्या रकान्यात उतरवावीत. पुस्तकातले नाव नंतर जोडता येते. चूक आढळल्यास मूळ नोंद खोडू नये; शेजारी दुरुस्ती लिहून त्या दिवसाची तारीख टाकावी.